वायफायचा पासवर्ड बदलला, पण डब्याचा?

घरच्या वायफायबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. वायफायला पासवर्ड असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्या डब्यातून ते वायफाय येतं त्या राउटरला स्वतःचा वेगळा पासवर्ड असतो, हे मात्र बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. खालच्या उत्तरांत हे दोन पासवर्ड वेगवेगळे धरूनच वाचावं.

प्रश्न : आमच्या वायफायचा पासवर्ड म्हणजे ह्यांचा मोबाइल नंबर. कनेक्शन जोडायला आलेल्या मुलानेच तो ठेवला आणि चार वर्षं तोच चालू आहे. हल्ली संध्याकाळी नेट फार रखडतं. शेजारपाजारचं कुणी वापरत असेल का? ते ओळखायचं कसं? – सौ. वि. के., सांगली

संध्याकाळी नेट रखडलं म्हणजे चोरीच होतेय असं नाही. वायफाय ज्या लहरींवर चालतं त्यांतल्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत, १, ६ आणि ११. इमारतीतल्या सगळ्या घरांचे राउटर त्या तिघांत दाटीवाटीने बसतात, आणि संध्याकाळी सगळेच घरी असतात. राउटर ५ गिगाहर्ट्झचं दुसरं नावही दाखवत असेल तर फोन त्या नावाला जोडून बघा. राउटर टीव्हीच्या शोकेसमध्ये किंवा लोखंडी कपाटामागे असेल तर तो बाहेर, उंचावर ठेवा. एवढ्याने फरक पडला तर शेजाऱ्यांवरचा संशय मागे घ्यायला हरकत नाही.

तरी खात्री करायची असेल तर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते ती उघडा (पान कसं उघडायचं ते पुढच्या उत्तरात आहे). त्याआधी घरातली उपकरणं कागदावर मोजा. फोन आणि टीव्ही आठवतात. सेट-टॉप बॉक्स, कॅमेरा, सोलरचा इन्व्हर्टर, स्मार्ट बल्ब विसरले जातात. बल्ब आणि प्लग यादीत बरेचदा ‘ईएसपी’ने सुरू होणाऱ्या नावाने दिसतात, तो कुणी परका नव्हे. एकच फोन दोनदा दिसला तरी घाबरू नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाचा कारखान्यातून आलेला ओळखक्रमांक) न सांगता बनवलेला पत्ता सांगतात. पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो असा बनवलेला पत्ता. शिवाय सकाळी येऊन गेलेल्या पाहुण्याचं नाव यादीत दिवसभर रेंगाळू शकतं. म्हणून घरातलं एकेक उपकरण बंद करत जा आणि यादी ताजी करत राहा. यादी बघताय तो फोन सोडून बाकी सगळं बंद केल्यावरही जे ‘चालू’ दिसतं, ते तुमचं नाही.

पण एवढा शोध घेण्याआधी पासवर्डच बदला. परका कुणी असेल तर तो आपोआप बाहेर पडेल. आणि मोबाइल नंबर हा पासवर्ड नसल्यातच जमा आहे, ते असं : तुमचा फोन वायफायला जोडला जाताना राउटर आणि फोन यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण हवेतून होते. रेंजमधल्या कुणालाही ती नोंदवून घेता येते. ती नोंद घेऊन तो घरी जातो आणि आपल्या संगणकावर निवांत एकेक पासवर्ड लावून बघतो. तुमच्या राउटरला याचा पत्ताही लागत नाही. आजचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० लाखांच्या आसपास पासवर्ड तपासतं. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता, म्हणजेच ४,००० सेकंद. सव्वा तासाच्या आत काम तमाम. ज्याच्याकडे सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे त्याला तर तेवढेही कष्ट नाहीत. जन्मतारीख याहून वाईट. शंभर वर्षांत तारखाच ३६,५२५ होतात.

मग ठेवायचा काय? डब्ल्यूपीए-२ मध्ये (वायफायला कुलूप लावण्याची नेहमीची पद्धत) पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, त्या लांबीचा फायदा घ्या. शब्दकोश कुठेही उघडून डोळे मिटून बोट ठेवा, असे सहा शब्द काढा आणि रोमन लिपीत लहान अक्षरांत, मध्ये आडवी रेघ देऊन लिहा. पातेलं-गोगलगाय-तिकीट-उंबरा-शिट्टी-गवत, असं काहीतरी (हेच उचलू नका, ते आता छापून आलंय). हजार शब्दांतून असे चार शब्द निवडले तर वरच्याच वेगाने सगळ्या जोड्या तपासायला साडेअकरा दिवस लागतात, पाचांना सुमारे ३१ वर्षं, सहांना त्याच्या हजारपट. शब्द मनाने निवडू नका. मनाने निवडले की मुलांची नावं, कुलदैवत आणि शेवटी १२३ येतंच. ओळखीच्या म्हणी आणि गाण्यांच्या ओळीही नकोत, तपासणाऱ्यांच्या याद्यांत त्या आधीपासून असतात.

बदल करताना २.४ आणि ५ अशा दोन्ही नावांचा पासवर्ड बदला. एक जुनाच राहिला तर सगळा खटाटोप फुकट. बदलल्याक्षणी घरातलं सगळं तुटेल, ते अपेक्षितच आहे. फोन आणि टीव्हीत नवा पासवर्ड घालायचा. स्मार्ट बल्ब आणि प्लग मात्र बहुधा त्यांच्या ॲपमधून पहिल्यापासून जोडावे लागतात, आणि तेवढ्यापुरता फोन २.४ च्या नावावर ठेवावा लागतो.

प्रश्न : पुण्यात आम्ही दोघंच असतो. मुलगा न्यू जर्सीला आहे. तो म्हणतो, राउटरचं ‘रिमोट मॅनेजमेंट’ चालू करा, म्हणजे मला इथून सगळं बघता येईल. आम्हाला राउटरच्या आत शिरायचं कसं तेही माहीत नाही. – अ. जो., कोथरूड

ते चालू करू नका. न्यू जर्सीहून मुलाला जे दार उघडेल ते जगातल्या सगळ्यांनाच ठोठावता येईल.

आत शिरायचं असं : फोन घरच्या वायफायला जोडा. सेटिंग्जमध्ये त्याच वायफायच्या नावावर दाबलं की तपशिलात ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ अशी ओळ दिसते. तिथला पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरच्या डब्यात १९२.१६८.२९.१. तो इंग्रजी आकड्यांत ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत लिहा, शोधपट्टीत नव्हे. ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ असा इशारा येऊ शकतो. राउटर स्वतःच स्वतःचं प्रमाणपत्र बनवतो म्हणून तो येतो. पत्ता तुम्ही हाताने लिहिला असेल तर इथे पुढे जायला हरकत नाही. बँकेच्या पानावर असा इशारा आला तर मात्र तिथूनच मागे फिरा.

मग नाव आणि पासवर्ड मागितला जातो. डब्याच्या तळाला चिकटवलेल्या लेबलवर तो असतो. नावही ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’ चालला, तर खरं भगदाड तिथेच आहे. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारे डबे) आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे कोणतंही गुपित हत्यार नव्हतं. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्यांची एक यादी होती, ती तो एकामागून एक लावून बघायचा. २१ ऑक्टोबर २०१६ ला याच उपकरणांच्या फौजेने संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स उघडेनासे झाले.

तेव्हा राउटरचा पासवर्ड बदला, तोही वायफायच्या पासवर्डहून निराळा. वायफायचा आल्यागेल्याला सांगावा लागतो, हा कुणालाच सांगायचा नसतो. वर्षातून दोनदा लागणारा पासवर्ड लक्षात राहत नाही, म्हणून वहीत लिहून ठेवा. ‘पासवर्ड कधीच लिहू नये’ हा उपदेश इथे गैरलागू आहे; तुमच्या कपाटातली वही परदेशातल्या चोराला वाचता येत नाही.

आत गेलाच आहात तर आणखी चार ठिकाणी नजर टाका. ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद आहे ना ते बघा. ‘यूपीएनपी’ बंद करा. ते चालू असेल तर घरातला कुठलाही कॅमेरा किंवा गेम तुम्हाला न विचारता बाहेरून येण्याची वाट उघडू शकतो. (मुलांच्या एखाद्या ऑनलाइन खेळाची कुरकुर सुरू झाली तर कारण हेच.) डीएनएसचे (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचे) पत्ते ‘ऑटोमॅटिक’ असावेत, किंवा घरात कुणी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असे मुद्दाम भरलेले असावेत. तिथे अनोळखी पत्ता असेल तर तुम्ही बँकेचं नाव लिहूनही भलत्याच पानावर नेले जाऊ शकता. आणि आयपीव्ही-६ ची, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीची, फायरवॉल (बाहेरून येणाऱ्याला अडवणारी भिंत) चालू ठेवा. आपल्याकडे अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच जुना, म्हणजे आयपीव्ही-४ चा पत्ता देतात. त्यामुळे बाहेरून कुणाला थेट आत येता येत नाही, आणि मुलाचाही बेत बहुधा तिथेच फसला असता. पण आयपीव्ही-६ मध्ये घरातल्या प्रत्येक उपकरणाला जगाला दिसू शकेल असा पत्ता मिळतो, तिथे आड येते ती फक्त फायरवॉल. ‘टीआर-०६९’ असं काही दिसलं तर हात लावू नका. तुमची कंपनी त्याच वाटेने डबा दुरून सांभाळते.

मुलाला मदत करायचीच असेल तर राउटर-कंपनीचं ॲप असतं. त्याचं खातं मुलाने स्वतःच्या नावाने उघडावं आणि दोन टप्प्यांचं लॉगिन लावावं. नाहीतर व्हिडिओ कॉलवर तो सांगेल आणि तुम्ही दाबाल, हा मार्ग सगळ्यात बरा. ‘कंपनीतून बोलतोय, स्क्रीन शेअर करा’ असा फोन आला तर मात्र तो ठेवून द्या.

पासवर्ड हरवलाच तर डब्यामागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की सगळं मूळपदावर येतं. त्याआधी आठवून बघा : तुमच्या कनेक्शनला पीपीपीओई नाव-पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक (कनेक्शन जोडताना डब्यात भरलेली कंपनीची माहिती) लागतो का? रिसेटमध्ये तेही पुसलं जातं. मग दिवे लागतात पण नेट येत नाही, आणि फायबरवाल्याची वाट बघत बसावं लागतं. डब्यावरचा ‘एलओएस’ हा दिवा लाल असेल तर रिसेट करूच नका. दोष बाहेरच्या फायबरचा आहे, डब्याचा नाही.

राउटर स्वतःचा असेल तर त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत करणंही तुमच्याकडेच. लेबलवर मॉडेलशेजारी व्ही-१, व्ही-२ असं लिहिलेलं असतं, फाइल नेमकी तीच घ्या. व्ही-२ ची फाइल व्ही-१ मध्ये घातली तर डबा मेलाच म्हणून समजा. अपडेट चालू असताना वीज गेली तरीही तेच. भारनियमनाची वेळ टाळा किंवा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा.

प्रश्न : वायफायचं नाव लपवलं आणि फक्त आमच्याच फोनचे मॅक पत्ते चालतील असं केलं, तर पासवर्ड साधा ठेवला तरी चालेल ना? – नि. दे., नाशिक

नाही. लपवलेलं नाव तुमचा स्वतःचा फोनच उघड करतो. जोडला जाताना तो ते नाव हवेत पुकारतो, आणि बाहेर रस्त्यावरही ‘आहेस का, आहेस का’ असं विचारत फिरतो. मॅक पत्तेही हवेतून उघडे जातात, ते ऐकून आपल्या लॅपटॉपला तोच पत्ता लावणं हे मिनिटाभराचं काम आहे. उलट फोन बनवलेला पत्ता वापरत असल्याने यादीत भरलेला तुमचाच फोन एखाद्या दिवशी बाहेर राहील. दोन्ही काढून टाका.

प्रश्न : तारकर्लीला आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. वायफाय एकच, पासवर्ड जेवणघराच्या भिंतीवर लिहिलाय. त्याच नेटवर आमचा सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि घरचा लॅपटॉप आहे. मागच्या खोल्यांत रेंज जात नाही म्हणून दुसरा राउटर आणलाय, जोडायचा आहे. पाहुण्यांचं नेट वेगळं कसं करू? – प्र. मा., तारकर्ली

अजून जोडला नाहीत हे बरं झालं, कारण इथे बहुतेक जण क्रम उलटा लावतात. घरचं सगळं पहिल्या डब्यावर ठेवतात आणि त्यामागे दुसरा राउटर लावून तो पाहुण्यांना देतात. नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, म्हणजे नेट वेगळं झालं असं वाटतं. पण मागच्या राउटरवर बसलेल्या माणसाला पुढच्या डब्यावरची उपकरणं गाठता येतात, कारण त्याची इंटरनेटची वाट तिथूनच जाते. पुढच्याला मात्र मागचं दिसत नाही. म्हणून पाहुणे पुढे आणि घर मागे.

तुमच्या बाबतीत तिसरा राउटर घ्या. हजार-बाराशेचा साधा चालेल. फायबरचा डबा पाहुण्यांचा. मागच्या खोल्यांतला नवा राउटर हा त्याचाच विस्तार, म्हणून तो ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये ठेवायचा. तसा मोड नसेल तर (फायबरचा डबा १९२.१६८.१.१ वर आहे असं धरून) त्याला १९२.१६८.१.२ असा पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि फायबरच्या डब्याकडून आलेली केबल त्याच्या वॅन (बाहेरून नेट येण्याच्या) भोकात न घालता लॅनच्या (घरातली उपकरणं जोडण्याच्या) भोकात घाला. डीएचसीपी चालू राहिलं तर निम्म्या पाहुण्यांना नेट मिळतं, निम्म्यांना मिळत नाही, आणि कारण सापडता सापडत नाही. तिसरा राउटर घराचा. त्याच्या वॅन भोकात फायबरच्या डब्याच्या लॅनमधून केबल, आणि आतले पत्ते १९२.१६८.५०.१ पासून. दोन्हीकडे १९२.१६८.१ राहिलं तर गोंधळ होतो. लॅपटॉप, डीव्हीआर, प्रिंटर या तिसऱ्यावर.

‘आमच्या डब्यात गेस्ट नेटवर्क आहे, तेच वापरू’ असा विचार मनात येईल. एका डब्याच्या घरात ते उत्तमच. पण ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकलेल्या राउटरवर गेस्ट नेटवर्क नावापुरतंच वेगळं राहतं, अनेक मॉडेलांत त्यातून घरचं सगळं दिसतं. शंका असेल तर गेस्टला फोन जोडून डीव्हीआरचा पत्ता उघडून बघा. उघडला तर वेगळेपणा नाही.

पाहुण्यांच्या दोन्ही डब्यांवर ‘एपी आयसोलेशन’ चालू करा, म्हणजे एका पाहुण्याला दुसऱ्याचा लॅपटॉप दिसणार नाही. हे एका डब्यापुरतं चालतं, दोन डब्यांच्या मध्ये नाही. केबल कॅट-६, बाहेर वापरायची काळ्या आवरणाची. दोन टोकांतलं अंतर १०० मीटरच्या आत. समुद्राच्या खाऱ्या हवेत केबलच्या टोकाचे धातूचे दात गंजतात, म्हणून जोड उघड्यावर ठेवू नका. आणि वळवाच्या विजा सुरू झाल्या की दोन इमारतींमधली तांब्याची केबल दोन्हीकडून काढून ठेवा.

भिंतीवरचा पासवर्ड आजवर किती पाहुण्यांच्या फोटोंत गेला असेल याचा विचार करा. खोलीत क्यूआरचं कार्ड ठेवा आणि दर महिन्याच्या १ तारखेला पासवर्ड व कार्ड दोन्ही बदला. क्यूआरमध्ये पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला असतो, तो गुप्त होत नाही; फक्त टंकायचा त्रास वाचतो. डीव्हीआरचा कारखान्यातला पासवर्ड बदला. फोनवर चित्र बघण्यासाठी कुणी ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ (बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत वाट) करून दिलं असेल तर ते काढून टाका, कंपनीचं ॲप वापरा.

पाहुण्यांची नोंदवही तारीख-वेळेसह नीट ठेवा. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांची धमकीची ई-मेल गेली ती नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या उघड्या वायफायवरून. मेल पाठवणारे दुसरेच होते, पण पोलिसांची चौकशी पहिली त्या घरी पोचली. कनेक्शन ज्याच्या नावावर, विचारणा त्याला. राउटरचं घड्याळ भारतीय वेळेवर लावा. त्यातल्या नोंदी थोड्याच असतात आणि वीज गेली की बहुधा पुसल्या जातात, म्हणून फार भिस्त ठेवू नका.

प्रश्न : मुलीने राउटरवर डब्ल्यूपीए-३ केलं आणि जुना प्रिंटर बंद पडला. परत मागे जाऊ का? एवढा फरक पडतो का? – र. पा., ठाणे

फरक पडतो. पहिल्या उत्तरातली ‘नोंद घरी नेऊन निवांत तपासण्याची’ युक्ती डब्ल्यूपीए-३ मध्ये चालत नाही. प्रत्येक अंदाज राउटरलाच विचारावा लागतो. हे २०१८ साली आलं, त्याआधीच्या प्रिंटरला ते कळत नाही.

राउटरवर ‘डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३’ असा मिश्र पर्याय असतो, तो निवडा. पासवर्ड लांबच ठेवा, कारण मिश्र असताना जुनी वाट उघडीच असते. तरी प्रिंटर जुळला नाही आणि त्याला केबलचं भोक असेल तर तो सरळ केबलने राउटरला जोडा. गेस्ट नेटवर्कवर टाकलात तर तो जोडला जाईल, पण घरच्या फोनवरून छापता येणार नाही. प्रिंटर स्वतःचंही ‘डायरेक्ट’ने सुरू होणारं वायफाय सोडत असतो, तेवढं त्याच्या मेनूतून बंद करा.

डब्ल्यूपीए-२ वरच राहायचं झालं तर माहिती गुप्त करण्याच्या पद्धतींपैकी ‘एईएस’ निवडा, ‘टीकेआयपी’ नको. टीकेआयपीने सुरक्षा तर घटतेच, वेगही ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. ‘३०० चा प्लॅन आणि मिळतात वीस’ या तक्रारीमागे कधीकधी एवढंच असतं. ‘डब्ल्यूईपी’ ही त्याहून जुनी पद्धत अजून कुणाकडे असेल तर तो राउटर बदला. ते २००७ सालीच मिनिटाभरात फोडून दाखवलं गेलंय.

आणि ‘डब्ल्यूपीएस’, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी, पण शेवटचा आकडा बाकीच्यांवरून निघतो आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो : आधी चार, मग तीन. म्हणजे एक कोटी प्रयत्नांऐवजी १०,००० अधिक १,०००. हे २०११ च्या डिसेंबरमध्ये उघड झालं. ज्या राउटरमध्ये चुकीच्या पिनांना आळा घातलेला नाही तिथे काही तासांत पिन सापडतो, आणि पिन सापडला की तुमचा सहा शब्दांचा पासवर्ड राउटर स्वतःच सांगून टाकतो.

प्रश्न : जुना राउटर भंगारवाल्याला दिला तर चालेल का? – ग. शि., सातारा

टाचणीने रिसेट करून द्या. आत वायफायचा आणि कनेक्शनचा पासवर्ड साठवलेला असतो. राउटर सुरूच होत नसेल तर नव्या राउटरवरचा वायफायचा पासवर्ड जुन्याहून वेगळा करा आणि मग द्या. फायबरचा डबा मात्र देऊ नका, तो बहुधा कंपनीचा असतो आणि कनेक्शन बंद करताना परत मागतात.